कुत्रं रडतंय

दिवाळी तोंडावर आली म्हणून सांगलीचं घर रंगवायला काढलं. पेंटर गल्लीतलाच पोरगा, एका कानात इअरफोन, गालात मावा. सकाळी गॅलरीच्या दारापाशी उकिडवा बसून पॉलिश पेपर मारत होता, मधेच थांबला आणि म्हणाला, "ताई, हितं उंदरानं कुरतडलंय काय? लांबी भरायला लागतीय." दाराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, ओरखडेच ओरखडे. बरेचसे बारीक, पण तीनचार एवढे खोल की आतलं पांढरट लाकूड दिसतं. मी म्हणाले कुत्र्याचे आहेत. त्यानं एक इअरफोन काढला, दाराकडं बघितलं, मग कॉटखाली पसरलेल्या बंडूकडं बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "भाईर कोंडलं होतं व्हय?"

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

तीन वर्षं झाली त्या रात्रीला. डिसेंबर होता, माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं म्हणून मी पुण्याहून महिनाभरासाठी सांगलीला आले होते. अण्णांना शुगर कितीतरी वर्षांपासून, गोळ्या पुरेनात म्हणून इन्सुलिन सुरू झालेलं. त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं, रात्री अर्धी भाकरी आणि ताक एवढंच खाल्लं, पण इंजेक्शन मात्र रोजच्याएवढंच घेतलं. ही गोष्ट आम्हाला कुणालाच खटकली नाही. रात्री सव्वादोनच्या सुमाराला बंडूनं भुंकायला सुरुवात केली. म्हणजे भुंकणं पण नव्हे ते, मधेच हुंकार, मधेच लांबलचक सूर. अण्णांच्या कॉटपाशी जायचा, परत माझ्या खोलीत यायचा, माझी रजई दातानं ओढायचा, परत पळायचा. मला सकाळी नऊला क्लायंटचा कॉल होता. आई आतल्या खोलीतून ओरडली, "रडायलंय बघ ते, आधी बाहेर काढ त्याला!" मी उठले, लाईटसुद्धा लावला नाही, पट्ट्याला धरून त्याला फरशीवरून ओढत नेलं, गॅलरीत ढकललं आणि वरची कडी लावली. त्याची नखं फरशीवर घासत गेल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, खोटं कशाला बोलू.

इथं बंडूबद्दल थोडं सांगायला पाहिजे. तो आम्ही आणलेला नाही, तो कृष्णेनं आणून दिला. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५, म्हणजे बघा. गावभागातलं आमचं बिल्डिंग, तळमजला पूर्ण पाण्यात, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लाईट नाही, प्यायला पाणी नाही, खाली जिन्यात तो कुजका, डिझेलमिश्रित वास. तिसऱ्या दिवशी अण्णा पाणी किती चढलं बघायला खाली उतरले तर पाण्याच्या वरच्या पायरीवर हे एक ओलं गाठोडं थरथरत बसलेलं. काळं, छातीवर आणि पायांवर तपकिरी, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका. बोट आली तेव्हा बोटवाला म्हणाला कुत्रं नको, माणसं आधी. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, त्यांच्याकडं डब्याची जुनी खाकी पिशवी होती, त्यात पिल्लू घातलं, वर टॉवेल टाकला आणि शांतपणे बोटीत बसले. नाव बंडू कुणी ठेवलं आठवत नाही, पण माझ्या आत्याच्या यजमानांचं नावही बंडू आहे हे बारसं झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. ते आले की आम्ही त्याला "ए काळ्या" म्हणून हाक मारायचो आणि तो ढिम्म हलायचा नाही, कारण काळ्या कोण हे त्याला माहीतच नव्हतं. मग कुणीतरी वैतागून "बंड्या, ऊठ तिथनं!" म्हणायचं आणि काकांचा चहाचा कप हवेत थांबायचा.

आईला तो पहिल्यापासून आवडला नाही. एक तर घरात केस. दुसरं म्हणजे ते डोळ्यावरचे ठिपके. तिच्या माहेरी अशा कुत्र्याला चार डोळ्यांचं कुत्रं म्हणायचे आणि ते दारात बसू द्यायचे नाहीत. हे काही तिच्या मनचं नाही, ऋग्वेदात यमाची जी दोन कुत्री आहेत, सरमेची पोरं, ती चार डोळ्यांचीच सांगितलीत. वाटेवर बसतात, माणसांच्या पाळतीवर. माझ्या आजीला ऋग्वेद माहीत असायचं कारण नव्हतं, पण रात्री गल्लीत कुत्रं रडायला लागलं की ती अंथरुणातून उठायची, उंबऱ्यापाशी जाऊन एक चप्पल उलटी करून ठेवायची आणि मग खिडकीतनं "हाड! हाड!" करायची. कुत्र्याला यम दिसतो म्हणून ते रडतं, असं ती सांगायची. आम्ही पोरं गोधडीत एकमेकांना चिकटून उद्या कुणाच्या घरी काय होणार याचा अंदाज बांधायचो. आणि त्याच भिंतीवर दत्ताची तसबीर, तिच्यात चार कुत्री, दर गुरुवारी त्यांना पण हळदकुंकू. औदुंबर, नरसोबाची वाडी दोन्ही आमच्या हाताशी, दत्ताचं फार आहे आमच्याकडं. फोटोतल्या कुत्र्याला गंध आणि गल्लीतल्याला दगड.

मला हल्ली वाटतं, प्राण्यांना आधी कळतं हे आपल्या लोकांनी कधी नाकारलंच नाही. उलट फार मनापासून मान्य केलं. फक्त जे ते सांगतंय ते ऐकायचं नव्हतं, म्हणून सांगणाऱ्यालाच हाकलायचं.

तर त्या रात्री. कडी लावून मी परत झोपले, कानावर उशी दाबली. बाहेर तो दार खरवडत होता, रडत होता, दाराला अंग आपटत होता. किती वेळ गेला? मी मोबाईलमध्ये नंतर बघितलं म्हणून सांगते, २ वाजून ४१ मिनिटांनी वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. हे काका म्हणजे सोसायटीत बंडूच्या विरोधात दोनदा अर्ज दिलेला माणूस. "अहो, तुमचं कुत्रं झोपू देईना आम्हाला, काय मारताय का त्याला?" मी सॉरी सॉरी म्हणत उठले, गॅलरीचं दार उघडलं, मनात होतं की आता याला एक रट्टा द्यावा. तो माझ्या पायांमधून असा सुटला की मी पडता पडता राहिले. सरळ अण्णांच्या कॉटवर. कॉटवर चढायची त्याला परवानगी नव्हती. मी लाईट लावला. अण्णांचा बनियन पिळून काढावा इतका भिजलेला, डोळे अर्धे उघडे, हाका मारल्या तर घशातनं नुसता घोगरा आवाज. शुगर ३४. ज्या काकांनी तक्रारीसाठी फोन केला तेच लुंगीवर खाली आले, त्यांनीच गाडी काढली. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळात अण्णांनी डोळे नीट उघडून विचारलं, "गाडी कुठं लागली?" त्यांना वाटलं ते डेपोत आहेत. डॉक्टर मला म्हणाले, अजून तासभर कळलं नसतं तर, आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

वीसेक मिनिटं मी ते उशीखाली ऐकलं होतं.

नंतरचे दोनतीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलवर हेच वाचत होते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी टाइप वन डायबेटिस असलेल्या आठ बायकांची शुगर मुद्दाम, देखरेखीखाली खाली आणली आणि त्यांचा श्वास तपासला, तर त्यात आयसोप्रीन नावाचा वायू वाढलेला सापडला, काहींच्या श्वासात तर जवळजवळ दुप्पट. आपल्याला त्याचा वास येत नाही, कुत्र्याला येत असावा, असा त्यांचा तर्क. १९८९ साली लॅन्सेटमध्ये दोन डॉक्टरांचं एक छोटं पत्र छापून आलं होतं, एका बाईचं कुत्रं तिच्या पायावरच्या एकाच तिळाला सारखं हुंगायचं, पँटच्या वरून सुद्धा, शेवटी चावायला लागलं तेव्हा ती डॉक्टरकडं गेली, तर तो कॅन्सर निघाला. हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं, की चला, यम बिम काही नाही, वास आहे. पण मला वाटत राहिलं की त्या बाईनं निदान कुत्र्याचं ऐकलं तरी.

अण्णा घरी आले आणि झोपायला घाबरायला लागले. हे त्यांनी कधी तोंडानं कबूल केलं नाही. रात्री उगाच टीव्ही लावून बसायचे, मग पेपर, मग पाणी. ज्या माणसानं पंचवीस तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून नटबोल्ट आवळले तो झोपेला भितोय हे बघणं अवघड होतं आणि त्यावर बोलणं त्याहून अवघड. आमच्या घरात बोलायची पद्धतच नाही. मग बंडू त्यांच्या कॉटखाली झोपायला लागला, कुणी सांगितलं नाही, आपला आपण. अण्णा कुशीवर वळून डावा हात खाली सोडायचे, हाताला त्याची पाठ लागायची, की मग पाचदहा मिनिटांत घोरणं सुरू. दोघांचंही. मी एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर अंधारात अण्णांचा आवाज, "आज सुई नकोशी वाटली बघ. कंटाळा आलाय रे बंडू. पण न घेऊन सांगतो कुणाला." फरशीवर शेपटी आपटल्याचा टप टप आवाज. मी तिथंच फ्रीजपाशी उभी राहिले, पाणी न पिताच परत गेले. हे आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं बोलले असते तर." हसली, पण देठ जरा जोरातच मोडला.

बंडू मात्र गल्लीत फेमस झाला. त्याला सगळं कळतं, असं लोक म्हणायला लागले. एक आजी नातवाच्या दहावीच्या निकालाआधी त्याला बिस्किट घालून गेली. मी पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी, बॅग माळ्यावरच असताना, हा माझ्या चपलांवर येऊन बसायचा, तेव्हा मलाही वाटायचं की काहीतरी आहे बाबा. मग कुठंतरी बर्लिनच्या त्या हान्स घोड्याची गोष्ट वाचली, शंभर वर्षांपूर्वीचा, म्हणे बेरजा वजाबाक्या करायचा, खुरानं टकटक करून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये एका मानसशास्त्रज्ञानं शोधलं की तो गणित वगैरे काही करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाकडं बघायचा, बरोबर आकडा आला की माणूस नकळत जरा सैल व्हायचा आणि घोडा थांबायचा. लोकांना वाटलं घोड्याचं बिंग फुटलं. मला तर गणितापेक्षा हेच जास्त भारी वाटलं. निघायच्या आदल्या दिवशी माझं काय बदलत असेल? मी आईशी जरा जास्त गोड बोलत असणार. चपला कुठायत हे दोनदा बघत असणार. आईला ते कळत नव्हतं असं नाही, पण ती येऊन चपलांवर बसू शकत नव्हती ना.

आणि मग फेब्रुवारी २०२४.

अण्णा पहाटे झोपेतच गेले. हार्ट. त्या रात्री कुत्रं रडलं नाही. भुंकलं नाही, रजई ओढली नाही, काही नाही. आई सहा वाजता चहा घेऊन गेली तेव्हा अण्णांचा हात तसाच खाली सोडलेला आणि त्याच्याखाली बंडू चारी पाय वर करून घोरत होता. मला आईनं फोनवर सगळ्यात आधी हेच सांगितलं, की तो झोपला होता गं. पुण्याहून सांगलीपर्यंतच्या प्रवासात मी अण्णांसाठी रडले त्याहून जास्त वेळ बंडूवर चिडले असेन, आता लिहायला लाज वाटते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला एका नर्सिंग होममध्ये ऑस्कर नावाचं मांजर होतं, कुणी जाणार असेल की त्याच्या अंथरुणावर जाऊन बसायचं, २००७ मध्ये मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये त्याच्यावर लेख आला होता. परक्या मांजराला परक्या माणसांचं कळतं, आणि तुला तुझ्या माणसाचं कळलं नाही? ज्यानं पिशवीतनं आणलं त्याचं? बरं, कळलं असतं तर काय झालं असतं, ते पण माहीत नाही. कदाचित मी नसताना आईनं त्याला परत गॅलरीत घातलं असतं.

भेटायला येणारी माणसं बसायची, चप्पल काढता काढताच बंडूकडं बघायची आणि पाचव्या मिनिटाला विचारायची, "त्याला कळलं असेल की नाही?" पहिल्यांदा विचारलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांनी. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "कळलं की. रात्रभर रडत होतं."

मी आईकडं बघितलं. ती पदराच्या टोकाकडं बघत होती. वरच्या मजल्यावर काहीच ऐकू आलं नव्हतं हे काकांना तर नक्कीच माहीत होतं, त्यांची झोप केवढी सावध. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हो, मी पण ऐकलं." पुढं बारा दिवस जो येईल त्याला आई हेच सांगत होती, दर वेळी थोडं वाढवून. शेवटी शेवटी तर बंडूनं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं होतं असंही मी ऐकलं. जिनं आयुष्यभर कुत्र्याचं रडणं अभद्र मानलं, ती न रडलेल्या कुत्र्याला रडवत होती. का ते मी विचारलं नाही. बंडू तिकडं शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं भाकरी चाटूनपुसून खात होता.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. ऊन चढत चाललेलं, पिंडावरचा भात सुकायला लागला. एवढी शिकली सवरलेली माणसं हात जोडून एका पक्ष्याकडं टक लावून उभी. मोठे काका म्हणाले वहिनींना सांभाळू. कावळा फांदीवरच. घराचं बघू. नाही. मी मनातल्या मनात बरंच काही म्हणाले, ते इथं लिहीत नाही. मग आत्याचे यजमान, म्हणजे खरे बंडूकाका, घसा खाकरून म्हणाले, "अहो अण्णा, त्या माझ्या नावाच्या कुत्र्याला पण नीट बघू आम्ही." सगळ्यांना अशा वेळी येऊ नये तसं हसू आलं. कावळा आला, पण पाचएक मिनिटांनी, आणि तोपर्यंत अजून दोघातिघांची वचनं देऊन झाली होती, त्यामुळं नक्की कशावर खाली उतरला ते त्यालाच माहीत. भटजी मात्र दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते.

मी आईला पुण्याला चल म्हणाले, ती नाही म्हणाली. पहिले दोन महिने ती घराबाहेर पडलीच नाही. तिला बाहेर काढलं ते बंडूनं, आणि त्यात काही हळवं वगैरे नव्हतं हो, त्याला शी लागायची. अण्णा त्याला संध्याकाळी पाचला घाटावर न्यायचे. पाच वाजले की हा दाराशी उभा, साखळी तोंडात. आई ओरडायची, हातवारे करायची, एकदा लाटणं उगारलं. शेवटी एक दिवस गुडघ्याला पट्टा बांधून, तोंडानं शिव्या देत, जिना उतरली. आता रोज जाते. घाटाच्या वरच्या पायरीवर बसते, तो खाली पाण्याला तोंड लावून येतो आणि ओलं नाक तिच्या लुगड्याला पुसतो. भेळवाला तिला ओळखतो, तिथं येणाऱ्या दोन बायका मैत्रिणी झाल्यात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्याला अजून प्रवेश नाही, पण उंबऱ्यावर हनुवटी ठेवलेली चालते, आणि पहिली भाकरी तव्यावरनं उतरली की तिचा चतकोर तिकडं जातो. ती त्याच्याशी बोलते. अण्णांसारखं अंधारात हळू नाही, चांगली खणखणीत आवाजात, महागाई, माझं वजन, सिरीयलमधली सासू, सगळं. मागच्या वेळी मी आले तेव्हा ती त्याला सांगत होती, "तुझ्यासमोर गेले ते, तू होतास म्हणून बरं." मी पायरीवरच थांबले. हाताखाली कुणाची तरी पाठ होती, एवढंच म्हणत असावी. की अजून काही, मला माहीत नाही.

तर पेंटर. चहा घेऊन बाहेर आले तर तो विचारत होता, "भरू ना लांबी?" मला नाही म्हणायचं होतं. म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक, ते ओरखडे माझे होते एका अर्थानं. पण आई मागनं आली, चष्मा वर करून दार बघितलं आणि म्हणाली, "भर की, विचारतोस काय. आणि ऑइल पेंटचे दोन हात मार, पाणी मुरतंय त्यातनं." त्यानं भरली. दुपारपर्यंत लांबी वाळली, पेपर मारून सपाट केली, चार वाजता चॉकलेटी रंगाचा पहिला हात झाला. दार नवं दिसायला लागलं. मी बोटानं चाचपून बघायला गेले तर आई ओरडली, ओलंय ते.

पाच वाजता बंडू उठला, साखळी घेतली, आणि गुडघ्याचा पट्टा बांधायला आई जरा जास्त वेळ लावतीय म्हटल्यावर तिथंच गॅलरीच्या दाराला छान अंग टेकून बसला. उठला तेव्हा दारावर बरगड्यांएवढा पट्टा गायब आणि त्याच्या अर्ध्या अंगावर केसांचे चॉकलेटी चिकट झुपके. पेंटर कपाळाला हात लावून बसला. मी खोबरेल तेल आणि जुनी बनियन घेऊन फरशीवर बसले, तो जीभ बाहेर काढून माझ्याकडं बघत होता, आणि आई कमरेवर हात ठेवून पेंटरला सांगत होती,

"बघ. म्हणे याला सगळं आधी कळतं."